काडतुसांची टंचाई असताना घरी काडतुसे भरणे परवडते का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचे नीट जुळेल. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तुमचे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आणि थोडी भातशेती आहे. पीकरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची जुनी दुनळी आहे. दुकानात काडतुसे कधी असतात, कधी महिनोन्‌महिने नसतात, आणि असली तर भाव ऐकून माणूस परत फिरतो. वापरलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या तुम्ही डब्यात जपून ठेवल्या आहेत. टोरांटोजवळ राहणारा धाकटा भाऊ तिथल्या क्लबात स्वतःची काडतुसे स्वतः भरतो आणि चवथीला येताना भरणीचे एक छोटे यंत्र सामानात टाकून आणतो म्हणतो. आणू द्यावे का, आणि त्याने टंचाईवर मात होईल का, असे तुम्ही विचारले आहे.

तुमच्यासाठी उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असेच आहे. तुमच्या भावासाठी मात्र ते परिस्थितीवर अवलंबून आहे. दोन्ही उत्तरांमागची कारणे सांगतो, कारण नुसते ‘नको’ ऐकून माणसाचे समाधान होत नाही आणि यंत्र चवथीला घरात येऊन पडते.

बंदूक दुरुस्तीचे काम आमच्या घरात वडिलांपासून आहे. मधली बरीच वर्षे मी कॅनडात, ओंटारिओत एका ट्रॅप क्लबच्या वर्कशॉपमध्ये होतो. ट्रॅप म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवर बार काढायचा खेळ. भरणीची यंत्रे लावून देणे, त्यांचे सुटे भाग बदलणे आणि भरणी चुकलेल्या काडतुसांनी बिघडलेल्या बंदुका उघडणे हे तिथले रोजचे काम होते. आता फोंडा तालुक्यात परत आलो आहे आणि परवान्यावर दुरुस्ती करतो. म्हणजे तुमच्या भावाची बाजू मी आतून पाहिली आहे, आणि तुमची बंदूक ज्या वळणाची आहे तशा बंदुका आजही माझ्या टेबलावर येतात.

कायद्याचे आधी सांगतो, कारण तुमचा प्रश्न खरे तर तिथेच संपतो. शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. तयार काडतूस तर त्यात येतेच, पण काडतुसाचे भाग आणि काडतूस बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. त्यामुळे भावाने आणलेले यंत्र म्हणजे कायद्याच्या नजरेत लोखंडाचा दांडा नव्हे, दारूगोळाच आहे. तो परदेशातून आणायला कलम १० प्रमाणे आयातीचा परवाना लागतो. काडतूस बनवायला कलम ५ प्रमाणे उत्पादनाचा वेगळा परवाना लागतो. तुमच्याकडे आहे तो बंदूक बाळगण्याचा परवाना, त्यात यातले काहीच बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडून उत्पादन करणाऱ्याला किमान ७ वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. चार काडतुसांसाठी घरचा माणूस तिथवर जावा एवढे मोल कोणत्याच पिकाला नाही. भावाला आजच फोन करा आणि विमानतळ मोपा असो वा दाबोळी, सामानात यंत्र, टोप्या (काडतूस पेटवणाऱ्या), पुंगळ्या यांपैकी काहीही आणू नको असे सांगा. रिकामी पुंगळी म्हणजे कचरा, असे समजून तो सहज चार टाकून आणेल, म्हणून पुंगळ्यांचेही नाव घेऊनच सांगा.

आता समजा कायद्याची आडकाठी नसती, तरी टंचाईवर हा उपाय ठरला असता का? इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

बारा बोअरच्या काडतुसात पाच गोष्टी असतात. बाहेरची पुंगळी, तिच्या बुडातली टोपी, दारू, दारू आणि छर्रे यांच्यामधला डट्टा, आणि छर्रे. बार उडाला की यातली फक्त पुंगळी हातात उरते. बाकी चार गोष्टी प्रत्येक वेळी नव्याने विकत घ्याव्या लागतात. तुम्ही डबाभर पुंगळ्या जपल्या म्हणजे पाचातली एक गोष्ट जपली, आणि तीही ज्या गोष्टीची टंचाई कधीच नसते ती. कोणत्याही मैदानावर पुंगळ्या पायाखाली पडलेल्या असतात.

टंचाई आली की सगळ्यात आधी टोपी गायब होते. टोपीतला ठिणगी देणारा मसाला अतिशय संवेदनशील असतो, तो बनवणारे कारखाने मोजके असतात, आणि तयार काडतुसाचा कारखानाही तीच टोपी वापरतो. मागणी वाढली की कारखाना टोप्या आधी स्वतःच्या काडतुसांत घालतो, उरल्या तर सुट्या विकतो. २०२० मध्ये अमेरिकेत हेच झाले. महामारी, दंगली आणि निवडणूक एकाच वर्षात आली, लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली आणि दुकाने रिकामी झाली. तिथे टोप्यांची चार मोठी नावे आहेत. फेडरल, सीसीआय, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. रेमिंग्टन त्याच जुलैत दिवाळखोरीत गेली आणि तिचा काडतुसांचा धंदा फेडरल-सीसीआयच्या मालकांनीच घेतला. म्हणजे चार नावांमागे मालक दोनच उरले. घरी भरणाऱ्यांच्या कपाटात यंत्र होते, पुंगळ्या होत्या, छर्रे होते, पण टोपी नव्हती. घरात दूध आहे, भांडे आहे, पण विरजण नाही, तर दही कुठून लागणार?

दारूचेही तसेच. धूर न करणाऱ्या दारूचा पाया म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि ते बनते मुख्यतः कापसाच्या सरकीवर उरलेल्या बारीक तंतूंपासून. युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर तोफांच्या गोळ्यांसाठी सगळ्या जगाला हाच माल हवा झाला. तोफेची दारू आणि ट्रॅपच्या काडतुसाची दारू वेगवेगळी असली तरी कच्चा माल एकाच रांगेत उभा असतो, आणि त्या रांगेत क्लबातला हौशी नेमबाज शेवटी येतो.

म्हणून भावाने जर तुम्हाला ‘घरी भरतो म्हणजे मी बाजारावर अवलंबून नाही’ असे सांगितले असेल, तर ते अर्धेच खरे आहे. तो बाजारावर अवलंबून आहेच, फक्त तो एक पायरी मागे जाऊन, अधिक अरुंद खिडकीसमोर उभा आहे. टंचाईत ज्यांचे निभावले, त्यांचे भरता येत होते म्हणून निभावले नाही. टोप्या आणि दारू स्वस्त असताना त्यांनी साठा करून ठेवला होता, म्हणून निभावले. आणि साठाच करायचा तर तयार काडतुसांचाही करता येतो.

मग भरणी परवडते कोणाला? हे भावासाठी लिहितो, त्याला वाचून दाखवा. त्याच्या गावी स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरणे कायदेशीर आहे, तेव्हा त्याचा प्रश्न फक्त हिशेबाचा आहे. तो बारा बोअरने ट्रॅप खेळत असेल तर बचत फार थोडी आहे, कारण बारा बोअरची साधी ट्रॅपची काडतुसे कारखाने एवढ्या प्रमाणात काढतात की घरच्या भरणीला तो भाव गाठणे कठीण पडते. मोठा खर्च शिशाचा असतो. छर्ऱ्यांची पोती तिकडे २५ पौंडांची येते. काडतुसात एक औंस छर्रे घातले तर एका पोत्यात ४०० काडतुसे होतात, सव्वा औंस घातले तर ३२० च. शिशाचा भाव चढला की सगळा हिशेब तिथेच बदलतो. तोच माणूस २८ बोअर किंवा ४१० ने, म्हणजे बारीक नळीच्या बंदुकीने, स्कीट (तोही चकत्यांचाच खेळ) खेळत असेल तर मात्र भरणी नक्की परवडते. त्या काडतुसांत शिसे कमी असूनही दुकानातली किंमत जास्त असते, कारण खप कमी.

रायफलवाल्यांचे आणखी वेगळे. लांब पल्ल्यावर नेम धरणाऱ्याला पैशांपेक्षा एकसारखेपणा हवा असतो. प्रत्येक काडतूस त्याच्याच रायफलच्या नळीला जुळवून भरलेले असले तर गोळ्या एकमेकींजवळ पडतात, आणि ते सुख कारखान्याच्या डब्यात मिळत नाही. जुन्या, बंद पडलेल्या बोअरची रायफल असेल तर भरणीशिवाय ती चालतच नाही. उलट .२२ वाल्याला भरणीचा काहीच उपयोग नाही. त्या काडतुसात वेगळी टोपी नसते, ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत घातलेला असतो आणि घोड्याच्या टोल्याने ती कड चेपून जाते. ते एकदाच वापरायचे. २०१३ नंतर अमेरिकेत सगळ्यात लांबलेली टंचाई नेमकी .२२ चीच होती, आणि तिथे भरणीची यंत्रे जवळ असलेलेही बाकीच्यांसारखेच दुकानाच्या रांगेत होते.

वेळेचाही हिशेब हवा. एका वेळी एक काडतूस भरणाऱ्या साध्या यंत्रावर सावकाश, मन लावून काम करणारा माणूस तासाला शंभरच्या आसपास काडतुसे काढतो. ट्रॅपच्या एका फेरीला २५ लागतात. ज्याला ते काम करताना शांत वाटते त्याने जरूर करावे. क्लबात असे कितीतरी वयस्कर सभासद होते की थंडीत बाहेर बर्फ असताना तळघरात बसून भरणी करत आणि उन्हाळ्यात खेळत. पण ज्याला हे काम म्हणजे कटकट वाटते त्याने करूच नये, कारण कंटाळलेला माणूस दारू दोनदा घालतो किंवा घालायचीच विसरतो. दोनदा घातली तर नळी फाटू शकते. घालायची विसरली तर नुसती टोपी उडते, डट्टा नळीत अर्ध्यावर अडकतो, आणि फुसका बार समजून त्याने दुसरे काडतूस भरून चाप ओढला की नळी फुगते किंवा फुटते. वर्कशॉपमध्ये फुगलेल्या नळ्या आल्या की बहुतेक वेळा गोष्ट हीच असायची. फुसका आवाज आला की थांबायचे, बंदूक रिकामी करायची आणि नळीतून उजेड दिसतो का ते पाहायचे. हा नियम दुकानातल्या काडतुसालाही तितकाच लागू आहे, म्हणून तुम्हीही लक्षात ठेवा.

तुमच्या प्रश्नात एक ओळ अशी आहे की ‘आजोबा ठासणीच्या बंदुकीत स्वतः दारू भरायचे, तेव्हा कोणाला काही झाले नाही’. गोव्यात हे मी पुष्कळांकडून ऐकतो आणि त्यामागची भावना समजते. रानाच्या कडेला ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक हे अवजारच होते. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्येही पीकरक्षणासाठी मुळात ठासणीचीच बंदूक धरली आहे. ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर तो दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देऊ शकतो. तुमची दुनळी बहुधा अशीच तुमच्या घरात आली असेल.

पण आजोबांची दारू काळी होती. सोरा, कोळसा आणि गंधक यांची. ती मापाने, म्हणजे आकारमानाने मोजतात, आणि मोजणीत थोडे इकडेतिकडे झाले तरी ठासणीची भक्कम नळी सहसा सोसते. तशीही ठासणीच्या बंदुकीने कमी माणसे जायबंदी केली आहेत असे नाही, गावोगाव बोटे गेलेली म्हातारी माणसे होती. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू तितक्याच आकारमानात कितीतरी जास्त ताकद धरते. ती वजनाने, बारीक तराजूवर, ठरावीक पुंगळी, ठरावीक टोपी आणि ठरावीक डट्टा यांच्यासाठी दारूच्या कंपनीने छापलेल्या कोष्टकाप्रमाणेच घालायची असते. नुसता डट्टा बदलला तरी दाब बदलतो. काळ्या दारूच्या मापाने ही दारू घातली तर बंदूक हातात फुटते. सवयीचा हात इथे उपयोगी पडत नाही, उलट सवयच घात करते.

आता तुमच्या बंदुकीकडे येतो, कारण माझ्या मते टंचाईपेक्षा तिकडे आधी लक्ष द्यायला हवे. पोर्तुगीज काळापासून घरात असलेल्या कितीतरी दुनळ्या बेल्जियमच्या, लिएजच्या आहेत. नळी उघडून खालच्या सपाट भागावर पाहा. अंडाकृती चौकटीत ‘ईएलजी’ अशी अक्षरे असतील तर ती तिथलीच. शेजारी सिंहाच्या छापाबरोबर ‘पीव्ही’ असेल तर ती नळी बिनधुराच्या दारूवर तपासलेली आहे. तो छाप नसेल तर ती काळ्या दारूच्या काळातली समजा आणि जाणत्या कारागिराला दाखवल्याशिवाय आजचे कोणतेच काडतूस तिच्यात घालू नका, दुकानातलेसुद्धा.

दुसरे म्हणजे घराची लांबी. जुन्या बंदुकांत काडतूस बसायचे घर बहुधा ६५ मिलिमीटरचे असते आणि आज विकली जाणारी पुष्कळ काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. लोक म्हणतात, ‘बसते की बरोबर!’ बसतेच. कारण काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार उडून तोंड उघडल्यानंतरची असते. बंद काडतूस आखूड असते, म्हणून घरात सहज जाते. बार उडताना त्याचे तोंड उघडते, पुढच्या अरुंद भागात घुसते, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. टंचाईत माणूस मिळेल ते काडतूस घेतो, आणि ही गफलत नेमकी तेव्हाच होते. आपल्या बंदुकीच्या घराची लांबी एकदा मोजून घ्या आणि परवान्याच्या पाकिटात चिठ्ठीवर लिहून ठेवा.

मिळेल ते घेण्याचा आणखी एक धोका सांगतो, कारण याने माणसे मरतात. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या नळीत टाकले तर ते घसरत पुढे जाते आणि अडकून बसते. मागून घर रिकामे दिसते. मग माणूस १२ चे काडतूस घालतो आणि चाप ओढतो. म्हणूनच २० बोअरच्या पुंगळ्या पिवळ्या करण्याची पद्धत पडली. पिवळे काडतूस तुमच्या घरात, खिशात, डब्यात कुठेच असता कामा नये.

मग टंचाईत करायचे काय? तुम्हाला काडतुसे नेमकी कशासाठी लागतात ते आधी पाहू. रानडुक्कर, गवा, माकडे यांना हुसकावण्यासाठी. मारण्यासाठी नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि वनखात्याच्या अधिकृत परवानगीशिवाय पिकात आलेल्या डुकरालाही मारता येत नाही. पीकरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. तेव्हा तुम्हाला हवा आहे तो आवाज.

आवाजच हवा तर एलजी, एसजी हे जाड छर्ऱ्यांचे नंबर मागण्याची गरज नाही. माझ्याकडे येणारे बागायतदार दुकानात जाऊन हेच दोन नंबर मागतात आणि नाही म्हटल्यावर टंचाई आहे म्हणून परत येतात, तेव्हा मागच्या फळीवर बारीक छर्ऱ्यांची पेटी पडून असू शकते. बारीक छर्ऱ्यांच्या काडतुसाचा आवाज पुरेसा मोठा असतो आणि ते जास्त सुरक्षितही आहे. ८ नंबरचा बारीक छर्रा फार तर दोनशे यार्डांच्या आसपास जाऊन पडतो. एसजीचा छर्रा सातशे यार्डांच्या आसपास जाऊ शकतो, आणि सत्तरीत रात्री सातशे यार्डांत कोणाचे घर, कोणाची मांगर, कोण काजू राखायला बसलेला, हे कोणाला माहीत! कोणताही नंबर असो, आडवा बार काढायचा नाही, घरे आणि वाटा सोडून मोकळ्या बाजूलाच काढायचा. दुकानदाराला ‘एसजी आहे का’ असे विचारू नका, ‘६५ चे, बारा बोअरचे, कोणत्या नंबरचे आहे’ असे विचारा.

खरेदी हंगामाच्या आधी करा. आपल्याकडे बारा बोअरची देशी काडतुसे वर्षानुवर्षे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून आली. १८६९ पासूनचा तो कारखाना २०२१ मध्ये म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेला. त्याचे मुख्य गिऱ्हाईक सैन्य आहे आणि ते तसेच असायला हवे. नागरी काडतुसे त्यातून सवडीने निघतात, म्हणून माल थांबून-थांबून येतो. भात पोटरीला आल्यावर, डुकरे बांधावर आल्यावर दुकानात गेलात तर सगळी सत्तरी आणि सगळा सांगे तालुका तिथेच उभा असेल. पावसाच्या आधी दुकानदाराकडे मागणी नोंदवा. आजूबाजूच्या परवानाधारकांनी मिळून एकाच वेळी मागणी नोंदवली तर दुकानदारालाही पेटी मागवणे सोपे जाते, फक्त प्रत्येकाने आपापल्या परवान्यावर, आपापल्या नोंदीने घ्यायचे. परवान्यावर लिहिलेल्या संख्येच्या आतच घ्या. शेजाऱ्याकडून चार काडतुसे उसनी घेणे हे गावात सहज होते, पण ज्या काडतुसाची खरेदी तुमच्या परवान्यावर नाही ते तुमच्याकडे कसे आले, याला तुमच्याकडे उत्तर नसते. गोव्याबाहेरून घ्यायची वेळ आली तर तुमचा परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे ते आधी पाहा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारूनच जा.

आणि जे आहे ते टिकवा. मी तर म्हणेन की गोव्यात काडतुसांची अर्धी टंचाई घरातच तयार होते. चार महिने पाऊस, हवेत कायम ओल. कागदी पुंगळीची जुनी काडतुसे या ओलीने फुगतात आणि नळीत अडतात. ती ठोकून, दाबून कधीही बसवू नका. प्लॅस्टिकच्या पुंगळ्या फुगत नाहीत, पण त्यांचे बूड बहुतेक वेळा पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असते. ते गंजते, आणि टोपीच्या कडेने ओल आत शिरते. रबरी पट्टी असलेला घट्ट झाकणाचा धातूचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या करा. डबा कुलपात, बंदुकीपासून वेगळा ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही असा. माळ्यावर नको, मे महिन्यात कौलांखाली फार तापते. चुलीजवळ नको आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीतही नको. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसे खोवून भिंतीला टांगायची पद्धत दिसायला छान आहे, पण चामड्याने पितळेवर हिरवा कळंक चढतो. काडतुसांना तेल कधीच लावू नका. तेल टोपीत झिरपते आणि ऐनवेळी ती मुकी राहते. बंदुकीला तेल लावले असेल तर काडतूस घालण्याआधी नळी आणि घर कोरड्या फडक्याने पुसा. डब्यावर खरेदीची तारीख लिहा आणि जुने आधी वापरा. एवढे केले तर घेतलेले काडतूस काही वर्षांनीही भरवशाने उडते.

काडतूस उडालेच नाही तर बंदूक लगेच उघडायची नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धे मिनिट थांबायचे, कारण टोपी कधी उशिराने पेट घेते. मग ते काढून वेगळे ठेवायचे, पुन्हा-पुन्हा चाप ओढत बसायचे नाही. न उडालेले, गंजलेले, फुगलेले काडतूस फोडून आतली दारू पाहण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. तेही नको. ते परवानाधारक दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात द्या आणि दिल्याची नोंद मागा.

सरावासाठी काडतुसे जाळत असाल तर तेही थांबवा. निकामी, नुसत्या आकाराची सरावाची काडतुसे मिळतात. ती घालून बंदूक खांद्याला लावण्याचा, चाप सावकाश दाबण्याचा सराव घरात करता येतो, तोही आधी दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहूनच. ०.१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला बंदुकीसारखा परवाना लागत नाही. नेम आणि हात दोन्ही तिच्यावर तयार राहतात.

शिवाय कृषी खात्याकडे सौर कुंपणाच्या अनुदानाची चौकशी करा. कुळागराच्या ज्या बाजूने डुकरे येतात तेवढीच बाजू आधी कुंपणात घेतली तरी वर्षाला लागणारी काडतुसे निम्म्यावर येऊ शकतात. कुंपणाची तार मात्र खात्याने मान्य केलेल्या यंत्रावरच चालवा, घरची वीज तारेत सोडू नका.

राहिला तुमचा पुंगळ्यांचा डबा. रिकाम्या पुंगळ्यांचा साठा घरात दिसला की तपासाला आलेला अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारेल की हे कशासाठी ठेवले आहे. वापरलेल्या पुंगळ्या नवी काडतुसे घेताना दुकानदाराला दाखवा, त्यांचे काय करायचे ते त्याच्याकडून ठरवून घ्या आणि परत केल्या तर किती केल्या ते वहीत लिहून ठेवा. त्याच फेरीत दुनळी कारागिराकडे नेऊन घराची लांबी आणि नळीवरचे छाप तपासून घ्या. मागणी त्यानंतर नोंदवा, म्हणजे कोणते काडतूस मागायचे हे तुम्हाला नक्की माहीत असेल.